बोंडू पडायची वाट

परवा धारगळला हायवेच्या कडेला एक बाई काजूचे बोंडू घेऊन बसली होती. तो गोड, डोक्यात चढणारा वास नाकात गेला आणि मी सरळ हळर्णच्या आमच्या डोंगरावर जाऊन पोचलो. गाडीतून लेक हॉर्न वाजवत होता, त्याचंही भान नाही.

तेव्हा मी वीस-बावीस वर्षांचा. दुसऱ्या दिवशी दुबईला निघायचं होतं. नोकरी भांडी घासायची, पण गावात मिरवत होतो असा, की शेख दारात माझी वाट बघतोय. बाबा म्हणाले, काजूत चल. आमची रीत अशी, की बोंडू तोडायचा नाही; पिकून आपसूक पडेल तोच उचलायचा. मला तेवढा दम कुठला? डोंगराखाली मित्र थांबलेले. झाडावर चढलो आणि फांदी गदागदा हलवली. बोंडू पडले, त्यांच्यामागून मीही.

बाबांनी आम्हा सगळ्यांकडे बघितलं. "सगळे कच्चेच पडले," म्हणाले. "आता हय बस, झिला. एक पिकून पडलो की जावया."

बसलो. खाली पाचोळा तापलेला. बऱ्याच वेळानं मागं टप्प झालं. मी उडालोच, "बोंडू पडलो!"

बाबांनी वळूनही बघितलं नाही. "तो आदीच पडललो."

मी शपथा घेतल्या, जागा दाखवली, बोंडू त्यांच्या नाकापुढं धरला. शेवटी बाबा उठले. मी जिंकल्यासारखा उतारावरून पळत सुटलो.

जन्मात ते एकदाच खोटं बोलले, मला जवळ आणखी थोडं बसवायला. आणि मी शहाण्यानं तेही चालू दिलं नाही.