थप्पड बसल्यावर हसायचं

आमच्या इथल्या, परदेशातल्या मराठी मंडळाच्या गणपतीत मुलींचा नाच बसवायचं काम दरवर्षी माझ्या गळ्यात पडतं. म्हणजे मीच ते ओढून घेते, खोटं कशाला बोलू! त्या वर्षी मी एक तमिळ सिनेमातलं गाणं निवडलं. शब्द एक कळत नव्हता, पण ताल असा की बसल्या जागी पाय हलावेत. नाच सिनेमात होता तसाच बसवला. हीरो वाट अडवतो, हीरॉइन तीनदा नाही म्हणते, तो एक थप्पड ठेवून देतो, ती गाल धरून गिरकी घेते आणि हसते. तिथे शिट्ट्या पडणार, याची मला खात्री होती.

हीरॉइन माझी मुलगी, पंधरा वर्षांची. हीरो तिचीच मैत्रीण, काजळाची मिशी लावून.

शेजारच्या तमिळ अक्कांना मी गाण्याचा अर्थ विचारला. त्या शेवग्याच्या शेंगा सोलत होत्या. "पोरीचं 'नाही' मनावर घेऊ नये, एक लगावली की वळणावर येते, असं म्हणतोय तो," त्या म्हणाल्या. "आमच्या वेळीही अशीच गाणी होती. आम्हीही नाचायचो. पण तुम्ही हे पोरींना करायला लावणार?"

"अहो अक्का, आमच्यात तमिळ कळतंय कुणाला!" मी म्हटलं. शिवाय मी ज्या हिंदी सिनेमांवर वाढले, त्यांत तरी दुसरं काय होतं?

प्रॅक्टिस रविवारी दुपारी, जुरोंग ईस्टला आमच्याच कॉन्डोच्या, म्हणजे सोसायटीच्या हॉलमध्ये. मुलगी सगळं झकास करायची, पण हसायची वेळ आली की तोंड पाडायची.

"हस गं! सुतक आहे का घरात?"

"कॅनॉट लाह, आई. नाही जमत."

मी तापट आहे, सगळ्यांना माहीत आहे. तेवढा तुकडा मी तिच्याकडून दहा वेळा करून घेतला. अकराव्या वेळी ती जमिनीवर बसली आणि म्हणाली, "तो पण रोज हेच सांगतो. हस, मग जाऊ देतो."

"तो कोण?"

मग सगळं बाहेर आलं. शाळेतला एक मोठा मुलगा तीन आठवडे एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या स्टेशनवर सरकत्या जिन्यापाशी तिला अडवत होता. ती रोज नाही म्हणत होती. शुक्रवारी त्याने तिचं मनगट धरलं होतं. तो कंटाळून जाईपर्यंत ही प्लॅटफॉर्मवर थांबायची, एकामागून एक गाड्या सोडायची. आणि उशीर झाला म्हणून मी तिला घरी रोज झापत होते.

गाणं तिथेच बंद केलं, ते पुन्हा लावलं नाही. त्याऐवजी घाईघाईने एक कोळीगीत बसवलं. मंडळात थोडी कुरकुर झाली, होऊ दे.

सोमवारी मी शाळेत गेले. तिच्या बाईंनी शांतपणे सगळं लिहून घेतलं आणि त्याच दिवशी त्या मुलाच्या आईवडिलांना बोलावलं. त्यानंतर तो स्टेशनवर दिसला नाही. आरडाओरडा नाही, काही नाही. इतकं साधं होतं ते, आणि पोरीने तीन आठवडे एकटीने काढले.

त्या सोमवारी तिला शाळेतून घेऊन परत येताना मेट्रोत आम्ही शेजारी शेजारी बसलो होतो. मी विचारलं, "अगं, मला आधी का नाही सांगितलंस?"

ती खिडकीबाहेर बघत होती. "त्या गाण्याचा सिनेमा आपण बघत होतो ना, त्यात हीरो हीरॉइनच्या मागे मागे फिरत होता, तेव्हा तू म्हणालीस, किती गोड आहे बघ. मला वाटलं, सांगितलं तर तू हसशील."

"छे, काहीतरीच काय!" असं म्हणायला मी तोंड उघडलं, आणि मिटलं. कारण हसले असते मी. खरंच हसले असते.