गाडी कोण चालवत होतं

मी बेशुद्ध पडले नव्हते. हे वाक्य मी पोलिसांना, नवऱ्याला, सासरच्या माणसांना आणि शेवटी कोर्टालाही सांगितलं. अजून कुणी विचारलं तर त्याच आवाजात सांगेन.

रविवारची दुपार होती. पळसदरीच्या बाजूला माझं माहेर, तिथून मी स्कूटरवर भिसेगावला घरी निघाले होते. धरणाकडून आलेल्या मोठ्या गाडीनं वळणावर आपली बाजू सोडली आणि मला कडेच्या चरात फेकलं. गुडघ्याखाली पाय भलतीकडेच वळलेला मला दिसला. गाडीच्या स्टिअरिंगवरून उतरलेला माणूसही दिसला. पन्नाशीचा, लाल टी-शर्ट घातलेला. तो माझ्यावर वाकला तेव्हा दारूचा भपकारा आला. "मॅडम, तुम्ही एकदम मधे आलात," असं म्हणाला. मधे! मी माझ्या कडेनं चालले होते. मागून टेंपो घेऊन येणाऱ्या एका चाचांनी मला उचललं आणि कर्जतला दवाखान्यात पोचवलं. तो माणूस गाडीपाशी उभा राहून फोन लावत होता.

पायात सळई घातली. भूल उतरून मी जरा बोलू लागले तसा एक गृहस्थ भेटायला आला. नवऱ्याच्या ओळखीतल्या कुणीतरी पाठवलेला. अपघाताचे क्लेम करून देतो, म्हणाला. येताना शहाळी आणली होती. मला 'वहिनी, वहिनी' करत त्यानं सांगितलं, की गुन्हा नोंद झालाय, गाडी मालकाच्या, धरणाजवळच्या फार्महाऊसचा रखवालदार चालवत होता, त्यानं कबूलही केलंय.

"कोण रखवालदार?"

त्यानं सांगितलेलं नाव ओळखीचं निघालं. तो माझ्या माहेरच्या गावातला, आमच्या आळीतला. त्याला मी लहानपणापासून दादा म्हणते. तो गाडीत नव्हताच.

"वहिनी, आधी पायाकडे बघा," तो गृहस्थ समजावू लागला. "मालक प्यायलेला होता हे कागदावर आलं की विमा कंपनी हात वर करते. मग भरपाई कुठून आणणार? याच्याकडे लायसन आहे, हा प्यायलेला नाही. क्लेम सरळ पास होईल. मी तुमच्या भल्याचंच सांगतोय."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता. नंतर हळूच म्हणाला, "आपल्याला कुणाला शिक्षा करायचीय का? पाय बरा झाला म्हणजे झालं." त्याचं खरं तर चुकत नव्हतं, आणि म्हणूनच मला त्याचा जास्त राग आला. पाय माझा मोडला होता, आणि तो कुणी मोडला हे बाकीचे बसून ठरवत होते.

घरी आल्यावर दादाची बायको आली. दारातच बसली, आत येईना.

"ताय, तुमी जबाबात आमच्या मालकांचं नाव घेऊ नका गं. मी पाया पडते."

"अगं, तुझा नवरा आत जाईल!"

"जामीन त्यांनीच केलाय. काय होनार नाय बोलले. आनि झालंच तर आमच्या पोरीच्या शिक्षनाचं सगळं बघनार हाय."

मी तिच्यावर ओरडले. काय काय बोलले ते आठवायचीही इच्छा नाही. ती पदर सावरून निघून गेली. ज्याच्यावर ओरडायला हवं होतं तो मुंबईत आपल्या घरी जेवून झोपला असेल, हे मला कळत होतं.

शेवटी मी हट्टच धरला, तेव्हा नवऱ्यानं मला वॉकरसकट रिक्षात घालून कर्जतच्या कोर्टापाशी एका वकीलबाईंकडे नेलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"त्या गृहस्थाला एकदा विचारा, तुम्ही नेमके कुणाचे सल्लागार," त्या म्हणाल्या. "गाडीचा विमा चालू होता ना? मग ऐका. चालवणारा प्यायलेला निघाला तरी कोर्ट बहुतेक वेळा कंपनीला सांगतं, की जखमीला आधी तुम्ही द्या आणि मग मालकाकडून वसूल करा. तुमचं फारसं बिघडत नाही. आता सांगा, ड्रायव्हर बदलून फायदा कुणाचा झाला?"

नवऱ्यानं वकीलबाईंकडे पाहिलं. मग म्हणाला, "मालकाचा."

तो बाहेर गेला. आमच्या घरात त्याचा चढलेला आवाज कुणी ऐकलेला नाही. पण कोर्टाच्या आवारात, चहाच्या टपरीपुढे, तो फोनवर त्या क्लेमवाल्यावर ओरडत होता, "भल्यासाठी म्हणालास ना? कुणाच्या भल्यासाठी, ते सांग आधी!" लोक वळून बघत होते. मला फार बरं वाटलं.

पुढचं सोपं नव्हतं. जबाब द्यायला पोलीस ठाण्यात गेले तर साहेब म्हणाले, "ताई, धक्क्यानं माणसाला भास होतात." मी म्हटलं, "लिहून घ्या. भास झाला असं वाटत असेल तर तेही लिहा, खाली तुमची सही करा." मग त्यांनी लिहून घेतलं. टेंपोवाल्या चाचांकडे नवरा गेला. ते म्हणाले, "कोर्टात दिवस मोडतो, भाऊ. पण खोटं लिहिलंय तर येतो." आणि खरंच आले, धंदा बंद ठेवून आले. मालकाच्या वकिलानं मला विचारलं, की भीतीनं तुमचे डोळे मिटले असतील ना. मी म्हटलं, "पाय मोडला साहेब, डोळे नाहीत."

भरपाईच्या दाव्याच्या कोर्टानं माझं ऐकलं. वकीलबाईंनी सांगितलं होतं तसाच हुकूम झाला: कंपनीनं आधी द्यायचे, मालकाकडून वसूल करायचे. दादाचं नाव गुन्ह्यातून निघालं आणि मालकाचं लागलं.

पण त्याच आठवड्यात मालकानं त्याला कामावरून काढलं. फार्महाऊसमागची खोलीही गेली. माहेरी गेले तेव्हा त्याची बायको वाटेत भेटली. मी थांबले.

"तुमचं खरं झालं, ताय," ती म्हणाली. "आमी रस्त्यावर आलो." आणि पुढे निघून गेली.

नवऱ्यानं दादासाठी मोहोपाड्याला कंपन्यांत शब्द टाकला, एका ठिकाणी गाडीवर काम मिळालं. तरी ती माझ्याशी बोलत नाही, आणि मी तिला दोष देत नाही. खोटं बोलायला तिला ज्यानं भाग पाडलं, त्यानंच खरं बोलण्याची शिक्षाही तिलाच दिली.

मालकावरचा फौजदारी खटला अजून चालू आहे. तब्येत बरी नाही म्हणून तो पुढची तारीख मागतो, आणि मिळते. शनिवार-रविवार मात्र तब्येत ठणठणीत असते. माहेरी मुक्कामाला असले की फार्महाऊसवर वाजणारी गाणी मला आमच्या ओटीवर ऐकू येतात.