बाई उठल्या की उठायचं

देवाला वर्गातल्या मुलासारखं वागवणारं माणूस मी एकच पाहिलं, ते म्हणजे आमच्या बाई. लांज्याजवळ आमच्या वाडीत चिऱ्याचं, कौलारू, आठ बाकांचं चर्च आहे आणि त्याला लागून बाईंचं घर. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी फक्त वर्ग बदलला. वाळत घातलेल्या आमसुलांवर अवेळी सर आली की आभाळाकडे बघून त्या म्हणत, "बघ बाबा, नाताळच्या सोलकढीला आता तूच कुठून आणायची ती आण." पाळकांचं प्रवचन लांबलं की पहिल्या बाकावर चष्मा पुसायला घेत, चष्मा डबीत गेला की पाळक आमेन म्हणत. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावी ओलांडली नव्हती. चर्चच्या पायरीवर संध्याकाळी बसवून बाईंनी मला इंग्रजी शिकवलं आणि पदवीपर्यंत ढकललं. निकाल सांगायला धावत गेलो, तर म्हणाल्या, "बरं झालं. आता शर्टाची बटणं नीट लाव."

चर्चला शंभर वर्षं झाली तेव्हा ख्रिस्ती घरं चार आणि माणसं अकरा उरली होती. शंभरीच्या उपासनेला बिशप येणार होते, आणि चर्च चालू ठेवायचं की या अकरांनी रत्नागिरीच्या चर्चला जायचं, ते ठरवूनच परत जाणार होते. बाईंनी सगळ्या वाडीला बोलावलं. "फसवायचं नाही. विचारलं तर सांगा, शेजारी आहोत," त्यांनी बजावलं. शेजारच्या बागेतले नाना म्हणाले, "ता ठीक हाय, पन बाई, उटायचा कदी नि बसायचा कदी?" बाईंनी तीन संध्याकाळी तालीम घेतली. नियम एकच: मी उठले की उठा, बसले की बसा.

त्या दिवशी चर्च पडवीपर्यंत भरलं. बाईंच्या बाकाच्या वर आंब्याच्या डहाळ्यांचं तोरण टांगलं होतं आणि डहाळ्यांबरोबर तांबड्या मुंग्याही आल्या होत्या. बिशप ऐन प्रवचनात असताना बाई ताडकन उठल्या. मागे सगळी वाडी उठली. बाई ओशाळून बसल्या, वाडी बसली. दुसरी मुंगी चावली. वाडी पुन्हा उभी. नाना पुटपुटले, "तालमीत ह्या नव्हता." बिशपांनी पुस्तक मिटलं आणि नानांनाच विचारलं, "आपण केव्हापासून येता इथे?"

"आजच आलो. पन ऱ्हातो जन्मापासून शेजारीच," नाना म्हणाले. "रविवारची घंटा झाली नाय तर आमच्या घरात चुकल्यासारखा होता."

बिशप खूप वेळ हसले. जाताना बाईंना म्हणाले, "ज्याला एवढे शेजारी आहेत, ते चर्च मी कसं बंद करू?" बाई मान खाजवत म्हणाल्या, "मुंग्या आधी झटकायला हव्या होत्या."

यंदाच्या वर्धापनदिनालाही वाडी आली. बाईंचे गुडघे आता गेलेत. नानांनी आणि मी त्यांना खुर्चीतून आणून पहिल्या बाकाशी ठेवलं. गीत सुरू झालं तरी कुणी उठेना. पाळक खुणा करून दमले. नाना माझ्या कानात म्हणाले, "बाई बसल्यात, आपून कसा उटायचा?" तेव्हा बाईंनी मागे न बघता उजव्या हाताची दोन बोटं वर केली, वर्गात करायच्या तशी. सगळे उठलो. पदवी घेऊन आलो त्या दिवशीसुद्धा मला बाईंकडे मान वर करून बघावं लागलं होतं. आज पहिल्यांदाच त्यांच्या डोक्यावरचा पांढरा भांग वरून दिसला. मी शर्टाची बटणं चाचपून बघितली आणि गाऊ लागलो.