सीट बसवणारे भालेराव

अशोक भालेराव गेल्याचं मला पोस्टाच्या रांगेत कळलं. हातात त्यांच्याच मालाचं पार्सल होतं, परदेशी जायचं, आणि माझ्यापुढे फक्त एक बाई उरली होती. शोभावहिनींचा, म्हणजे त्यांच्या पत्नीचा फोन आला. त्या एवढंच म्हणाल्या, "भाऊ, हे गेले. डायलिसिसला नेलं होतं, तिथंच." मी "बरं" म्हणालो. बरं कशाला म्हणालो, कुणास ठाऊक. तेवढ्यात खिडकीतून पुढच्या माणसाला बोलावलं गेलं. मी पुढे झालो, पार्सल काट्यावर ठेवलं, फॉर्मवर जिथं दाखवलं तिथं सही केली. पाठवणाऱ्याचं नाव मीच सकाळी लिहिलं होतं, अ. भालेराव, नाशिक. या गोष्टीला सहा आठवडे होऊन गेले. लिहायला बसायचं रोज ठरवत होतो आणि रोज थकून उठत होतो. आमच्या वयात माणसं जायला लागतात हे माहीत असतं, पण प्रत्येक वेळी नव्यानं दम लागतो...

भालेराव ओझरजवळच्या विमान कारखान्यात फिटर होते. लढाऊ विमानात वैमानिक बसतो ती सीट बसवणं हे त्यांचं काम. विमान पडायला लागलं की वैमानिक एक हँडल ओढतो आणि ती सीट त्याच्यासकट बाहेर फेकली जाते, तीच ही सीट. एकाच इंजिनाचं ते जुनं विमान कोणतं, हे नाशिककरांना सांगायला नको. सव्वीस वर्षं त्यांनी हे एकच काम केलं. मी अंबडच्या एका कंपनीत रबराच्या साच्यांवर सुपरवायझर होतो. आमची ओळख व्हायचं तसं काही कारण नव्हतं. ते निवृत्त झाल्यावर एक दिवस आमच्या कंपनीच्या गेटवर आले, वॉचमननं माझ्याकडे पाठवलं. शर्टाच्या खिशातून काडेपेटी काढली, तीत कापूस, आणि कापसात अंगठ्याच्या पेराहून जरा मोठी खुर्ची. प्लास्टिकच्या पट्ट्या आणि तांब्याच्या तारा जोडून हातानं केलेली. डोक्यामागची गादी, बाजूच्या नळ्या, पट्टे, सगळं तिच्यात होतं. याचा साचा होईल का, एकही कड न बुजता, असं त्यांनी विचारलं. मी भिंग घेऊन बघत राहिलो. चहा गार झाला.

हा धंदा मला त्यांच्यामुळेच कळला. जगभर पुष्कळ मोठी माणसं विमानांची लहान मॉडेल जोडत बसतात, खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्श्याची. खोक्यात येणारे भाग ढोबळ असतात. सीट म्हणजे नुसता ठोकळा. ज्यांचं समाधान होत नाही ते वेगळे, बारीक भाग मागवतात: सीट, समोरची घड्याळं, चाकांच्या खोबणी. भालेराव हे भाग घडवायचे. आधी हातानं, मग साठी उलटल्यावर संगणकावर आराखडे काढायला शिकले. त्यांच्या मागच्या खोलीत एक छोटं थ्रीडी छपाईयंत्र आलं, मूळ नमुना त्यात व्हायचा, मी साचा करून त्यात रेझिन, म्हणजे घट्ट होणारं पातळ प्लास्टिक, ओतायचो. माझी नोकरी संपल्यावर तर मी रोजच सकाळी त्यांच्या कॉलनीत जाऊ लागलो. आठ वर्षं आम्ही शेजारी शेजारी बसलो, आणि इतक्या वर्षांत अहोजाहो सुटलं नाही.

कारखान्यातला एक कागद त्यांनी कधी घरी आणला नव्हता. आठवणीवरसुद्धा त्यांचा विश्वास नसे. एका कॉलेजच्या आवारात निवृत्त विमान ठेवलेलं आहे. प्राचार्यांची चिठ्ठी घेऊन ते तिथं जायचे, शिडी लावायचे आणि आत वाकून मापं घ्यायचे. मी खाली वही धरून आकडे लिहायचो. एका दुपारी नवीन वॉचमननं त्यांना खाली उतरवलं आणि आम्हा दोघांना तासभर बाकावर बसवून ठेवलं. भालेरावांनी वाद घातला नाही. चिठ्ठीची खात्री झाल्यावर पुन्हा शिडी चढले आणि अर्धवट राहिलेलं माप पहिल्यापासून घेतलं. मला तेव्हा त्यांचा राग आला होता. ऊन होतं, भूक लागली होती आणि अर्ध्या मिलिमीटरचा प्रश्न होता, जो लहान सीटवर केसाएवढासुद्धा उरत नाही.

त्यांना हे वेड का, ते मला वहिनींकडून कळलं. नोकरीत असताना कुठं विमान पडल्याची बातमी आली की हे जेवायचे नाहीत. रेडिओ, पुढे टीव्ही लावून बसायचे, वैमानिक बाहेर पडला की नाही तेवढं कळेपर्यंत. पडला असेल तर उठून पानावर बसायचे. नसेल पडला तर त्या दिवशी घरात कुणी त्यांच्याशी बोलायचं नाही. सीटला दोष होता असं कधी कुणी म्हटलं नव्हतं. कित्येकदा ओढायला वेळच मिळत नाही म्हणे. पण पडलेल्या विमानात सीट कुणाच्या हातची होती, हे खाली काम करणाऱ्याला कळत नसे. चांगलं झालं तरी नाही, वाईट झालं तरी नाही.

तीन वर्षांपूर्वी पुण्याहून एक पत्र आलं. निवृत्त वैमानिक, गुडघ्यांमुळे घरीच असतात, मॉडेल जोडतात. त्यांनी आमची सीट मागवली होती. काम उत्तम आहे, पण हँडल थोडं उंच आलंय, असं त्यांनी लिहिलं होतं. भालेराव चिडले, म्हणजे गप्प झाले. तीन वह्या काढून मापं तपासली. हँडल मापाप्रमाणे हवं तिथंच होतं. तसं त्यांनी उलट कळवलं. पंधरा दिवसांनी ते गृहस्थच मुलीच्या गाडीतून नाशिकला आले. उंच, काठी टेकत चालणारे, बोलायला अगदी साधे. मागच्या खोलीत आमच्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, माप बरोबर असेल, माझ्या हाताला ते खाली लागलं होतं, एवढंच मला सांगता येईल.

भालेरावांनी विचारलं, "लागलं होतं म्हणजे?"

"मी ओढलंय ते," ते म्हणाले.

मग पाहुण्यांनी हात दोन मांड्यांच्या मध्ये नेऊन दाखवला. अंगावर पट्टे आवळलेले, खाली पॅराशूटचं गाठोडं असतं, माणूस त्यात बसतो तशी गादी दबते, खांदे मागे ओढलेले असतात. हात जिथं पोचतो तिथं पोचतो. भालेराव त्या हाताकडे बघत होते. मग म्हणाले, "मी सव्वीस वर्षं रिकाम्या सीटा बसवल्या. पट्टे आवळून बसलेला माणूस मी कधी पाहिलाच नाही, साहेब."

मग त्यांनी विमानाचा क्रमांक विचारला. वैमानिकांना तो पाठ होता, पस्तीस वर्षांनंतरही. ते कोणत्या वर्षीचं, याचा भालेरावांनी डोळे मिटून हिशेब लावला आणि मान हलवली. ती सीट त्यांची नव्हती. ते लागण्याआधीची होती. त्या काळी त्यांच्या विभागात हे काम दोघंच करत, एकजण कधीच वारले होते आणि दुसरे गायकवाड मामा, ज्यांच्या हाताखाली भालेराव शिकले. मामा घोटीजवळ गावी असतात, अंथरुणावर आहेत, एवढं त्यांना ठाऊक होतं. पाहुणे गेल्यावर त्या दिवशी आम्ही काहीच काम केलं नाही. भालेराव म्हणाले, उद्या घोटीला जाऊ.

मला जायचं नव्हतं, हे कबूल करतो. एस.टी.चे धक्के, पुढे रिक्षा, आणि कुणाला तरी इतक्या वर्षांनी काहीतरी सांगायला... फोन करा म्हटलं. ते म्हणाले, ही फोनवर सांगायची गोष्ट नाही. भातखाचरांच्या कडेला मामांचं घर, पुढच्या पडवीत खाट. मामा वाळून एवढेसे झाले होते. भालेरावांना त्यांनी आवाजावरून ओळखलं. सून पाणी घेऊन आली आणि तिथंच उभी राहिली. भालेराव खाटेशी उकिडवे बसले आणि शाळेत धडा सांगावा तसं सावकाश सगळं सांगितलं. विमानाचा क्रमांक सांगितला, सीट तुमच्या नाहीतर जोडीदाराच्या हातची होती म्हणाले, हँडल ओढलं, सीट सुटली, माणूस खाली आला, जिवंत आहे, कालच माझ्या घरी चहा पिऊन गेला.

मामांनी मान वळवली. मग त्यांनी विचारलं, "पोरगं नीट हाय ना आता?"

पोरगं म्हणजे पासष्टीचा माणूस. भालेराव म्हणाले, "नीट आहे मामा. गुडघे दुखतात फक्त."

"त्ये तर माझंबी लय दुखत्यात," मामा म्हणाले, आणि हसले. मग सुनेकडे तोंड करून म्हणाले, "ऐकलं का गं? पुन्यांदा सांग रं अशोक, तिला सांग." भालेरावांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मामा महिन्याभरानं गेले. त्या महिन्यात येईल त्याला त्यांनी हे सांगायला लावलं, असं सुनेनं नंतर कळवलं.

परतीच्या एस.टी.त भालेराव खिडकीशी होते. घोटीचा बाजार मागे पडला. मग बाहेर बघतच म्हणाले, "मला सांगायला कोणी आलं नाही, जाधव." मी म्हणालो, येईल एखादा. ते म्हणाले, "नाही आलं तरी चालेल. बसवल्या त्या सगळ्या तशाच राहिल्या असत्या, एकही कुणी ओढली नसती, तर जास्त बरं."

त्यानंतर त्यांनी ती सीट पहिल्यापासून केली. या वेळी माणूस बसून उठल्यानंतरची. गादी मध्ये दबलेली, पट्टे टाकून दिल्यासारखे पडलेले. हँडल मात्र मापाप्रमाणे होतं तिथंच ठेवलं. जागा बरोबर होती, माणसाचं वजन धरलं नव्हतं, असं ते म्हणायचे. याच काळात त्यांच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा चार चार तास यंत्राला लावलेले. घरी आले की पिळून काढल्यासारखे व्हायचे. पाणी मोजून प्यायचं, हात थरथरायचा. एका पट्ट्याला त्यांनी पाच महिने घेतले. मीही कंटाळायचो. नेणं, आणणं, खाली थांबणं, त्या रुग्णालयाच्या कॅन्टीनमधला चहा. एकदा वैतागून मी म्हणालो की आहे तशी पाठवू, लोकांना काय कळतंय. त्यांनी कूस बदलली. ते वाक्य मला परत घ्यायचं राहून गेलं. शेवटच्या भेटीतही आम्ही फक्त साच्यातल्या बुडबुड्यांबद्दल बोललो.

त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीच्या दिवशी कॉलनीतल्या बुद्धविहारात गर्दी होती. जुने फिटर आले होते, पांढऱ्या कपड्यांत ओळखू न येणारे. पुण्याचे वैमानिकही आले, मागं उभे राहिले, वंदना संपेपर्यंत काठीवर दोन्ही हात ठेवून.

गेल्या रविवारी वहिनींनी मला खोली आवरायला बोलावलं. त्या शिवणकाम करतात, ब्लाउज, फॉल, पडदे. त्यांचं मशीन पुढच्या खोलीत, यांचं टेबल मागच्या. दोघांचं काम बारीक, पण एकमेकांच्या कामात डोकावायची रीत नव्हती. मी डब्या खोक्यात भरत होतो. वहिनींनी शेवटच्या संचातली एक सीट तळहातावर घेतली. हे नक्की काय असतं भाऊ, असं त्यांनी विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी टेबलावरचं दिव्याचं भिंग त्यांच्यापुढे सरकवलं. त्या वाकल्या आणि बराच वेळ वाकूनच राहिल्या.

"पट्ट्याला टीप आहे," त्या म्हणाल्या. मग भिंग जवळ ओढून, "टोकाला उलटी मारून घेतलीय. अशी मी मारते."

मग त्यांना आठवलं. मागच्या वर्षी दवाखान्यातून आल्यावर यांनी कॅनव्हासची एक जाड पट्टी पुढे ठेवली होती आणि शिवून दे म्हणाले होते. कशाला ते सांगितलं नाही. सुई मोडली म्हणून त्या रागावल्याही होत्या. तीच पट्टी खुर्चीच्या पाठीवर टाकून हे संध्याकाळभर तिची वळणं बघत बसले होते.

वहिनींनी ती सीट खोक्यात परत ठेवली नाही. मीही मागितली नाही. त्यांनी ती पुढच्या खोलीत नेली आणि मशीनच्या खणात, सुयांच्या डबीशेजारी ठेवली. मग दिवा लावून मशीनवर बसल्या, कुणाचा तरी ब्लाउज द्यायचा राहिला होता. मी मागच्या खोलीत उरलेल्या डब्या भरत होतो. पलीकडून टीप पडल्याचा आवाज येत होता.