रिठदच्या भट्टीत टायटॅनियमचा आख

"उतर! उतर म्हन्तो ना खाली! नाही तं तुयी गाडीच जलमभर उभी ठेवतो मी इथं!"

हे माझे वडील. रिठदच्या फाट्यावर एसटीच्या पुढ्यात दोन्ही हात पसरून उभे, आणि एका हातात घण. घण कशाला आणला होता ते त्यांनाही सांगता आलं नसतं. भट्टीवरून तसेच उठून आले होते. त्यांचा आवाज असा, की ते रिठदला ओरडले तर रिसोडच्या बाजारात बैल दावं तोडत आणि व्यापारी म्हणत, लोहाराला आज जेवायला उशीर झालेला दिसतो. ड्रायव्हरला त्या आवाजात आपलं इंजिन ऐकू येईना. बंद पडलं समजून त्यानं चालू इंजिनावर पुन्हा स्टार्टर मारला.

"जाऊ द्या ना हो पोराले," माय खिडकीशी उभी राहून म्हणत होती, "तिकीट फाडलं ना त्यानं."

"तिकीट त्यानं फाडलं, पोट माह्यं फाडलं!"

"बाबा, बाजूले व्हा," मी आतून म्हटलं. "लोक पाहून राह्यले."

"पाहू दे! लोहाराचा पोट्टा विलायतेले लोखंड कापाले चालला! कायले? इथलं लोखंड का नासलं होतं?"

 शेवटी कंडक्टरनं त्यांना बिडी दिली तेव्हा ते बाजूला झाले. मग खिडकीपाशी आले आणि हळू आवाजात, म्हणजे फक्त आमच्याच गावाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "जाशीन तं असं काम शिकून ये का मले समजलं नाही पायजे. मले समजनारं काम शिकून आला तं भट्टीजवळ उभा राहू देनार नाही."

एकोणीसशे सत्तरच्या दशकाची सुरुवात होती ती. मी अकोल्याच्या आयटीआयमधून टर्नर होऊन पुण्याच्या एका कारखान्यात लेथवर उभा होतो. माझ्या शेजारच्या मशीनवर करतारसिंग. त्याचा मामा इंग्लंडात, बर्मिंगहॅमच्या बाजूला. तिथल्या एका लहानशा वर्कशॉपच्या मालकाला हात चांगला असलेला टर्नर हवा होता. करतारसिंगनं माझं नाव कळवलं, परमिट आलं, आणि मी विमानात बसलो. विमानात सीटला दोन्ही हातांनी आवळून असा बसलो होतो की उतरताना माझ्यासोबत सीटही उठते की काय असं वाटलं.

तुम्ही जे मागे राहिलात, त्यांना माझी पत्रं आठवत असतील. मी विमानं बनवतो असं गावात कोणी म्हणे, कोणी म्हणे राणीच्या मोटारीचं काम याच्याकडेच असतं. मी ते कधी खोडलं नाही. लोकांच्या आनंदात कशाला बिब्बा घालायचा! आणि माझ्यासारखे जे गेलात, त्यांना मी काही सांगायची गरज नाही. तुम्हीही अशीच पत्रं पाठवलीत.

खरं काम ऐका. आपल्याकडे श्रावणात काळ्या मातीत बंडी रुतली की आपण बैलाला, बंडीला, बैल विकणाऱ्याला आणि त्याच्या सासरच्यांना शिव्या देतो. तिकडे विलायतेत लोक रविवारी मुद्दाम चिखल शोधतात. त्यात मोटारसायकली घालतात, टेकाडावरून उड्या मारतात, आणि हे पाहायला बाकीचे तिकीट काढून, छत्री धरून उभे राहतात! आमचा मालक हॅरीसाहेब याच शर्यतींच्या मोटारसायकलींचे भाग बनवायचा. चाक ज्यावर फिरतं तो आख, पाय ठेवायच्या खुंट्या, बोल्ट. सगळं टायटॅनियमचं. विमानासाठी लागणारा धातू हा. अंगानं हलका, स्वभावानं माझ्या बापासारखा. गाडी जितकी हलकी तितकी चिखलातून लवकर सुटते, म्हणून ते लोक आखातले चार-दोन छटाक वाचवायला वेडे झालेले.

या टायटॅनियमचं एक आहे. लोखंड कापताना तुम्ही मधे थांबू शकता, हत्यार जरा टेकवून ठेवू शकता, शिंकू शकता. टायटॅनियमवर हत्यार नुसतं घासत राहिलं की त्याची कातडी तिथल्या तिथे कडक होते, मग हत्याराचं टोक जातं आणि तुकडाही जातो. उष्णता तो आपल्या अंगात पसरू देत नाही, सगळी टोकाशी धरून ठेवतो. मशीन हळू फिरवायचं, हत्यार धारदार ठेवायचं आणि एकदा कट लागला की पुढेच सारत राहायचं. चुरा साचू द्यायचा नाही, पेटला तर पाणी घातल्यानं आणखी भडकतो. कोरड्या वाळूची बादली पायाशी ठेवावी लागे. हॅरीसाहेबाचा नियम एका वाक्याचा होता: कट लागला की हात काढायचा नाही. त्या नियमात चहा, लघवी, आजारपण, मायची आठवण, सगळं बसवलेलं होतं.

परमिटवर त्याचं नाव होतं. त्याची नोकरी सोडली तर त्या देशात उभं राहायचा हक्कही सुटत होता. माझी खोली वर्कशॉपच्या वर, आणि खाली टायटॅनियमचे महागडे बार, म्हणून संध्याकाळी तो फाटकाला बाहेरून कुलूप घालून घरी जाई. "तुझ्याच सुरक्षेसाठी," म्हणे. माणूस वाईट नव्हता. नाताळाला मला केक द्यायचा. तो केक इतका घट्ट की मी एकदा लेथवर धरून पाहायचा विचार केला होता. पण कुलूप ते कुलूप. खिडकीतून मला समोरच्या कौलांवरचं धुकं दिसे, आणि मी रिठदला ओळखीच्या प्रत्येक माणसाला मनातल्या मनात हाक मारत बसे. कोणी ओ देत नसे. बाप तिकडून ओरडला असता तर नक्की ऐकू आला असता, पण तो काही ओरडला नाही.

म्हणून मी त्याच्या त्या एका वाक्याला धरून बसलो. बापाला न समजणारं काम! ते तर माझ्या हातात आलं होतं. पहिली रजा मिळाली की एक आख घेऊन जायचा, बापाच्या हातावर ठेवायचा, त्याच्या तोंडून "नाही समजलं" ऐकायचं, आणि परतीचं तिकीट चुलीत घालायचं. परमिट, कुलूप, हॅरीसाहेब, सगळे एका वाक्यात सुटणार होते.

रजा मिळायला तीन वर्षं लागली. हॅरीसाहेबानं ओरखडा पडलेला, बाद ठरलेला एक आख मला देऊन टाकला. मी तो धोतरात गुंडाळून आणला. बापासाठी घेतलेलं नवं धोतर होतं ते.

भट्टीसमोर अर्धं गाव जमलं. मी पाहिलं, झाडाखाली तीन बंड्या उभ्या होत्या, तिन्ही रबरी टायरच्या. पूर्वी तिथे लाकडी चाकं रचलेली असत आणि धाव चढवायला लोकांची रांग लागे. धाव म्हणजे चाकावरची लोखंडी पट्टी, ती तापवून चढवताना बाप वाघासारखा दिसे. आता भट्टीपाशी चार विळे आणि वखराची एक पास, म्हणजे त्याचं लोखंडी पातं, एवढंच पडलं होतं. मी ते पाहिलं, पण माझं सगळं ध्यान पिशवीतल्या आखावर.

बापानं आख हातात घेतला आणि हात एकदम वर गेला. एवढ्या जाडीला त्याचा हात जास्त वजनाची तयारी करून होता.

"पोकळ हाये हे."

"पोकळ नाही, बाबा. भरीव हाये."

"मले शिकवून राह्यला का?" त्यानं तो ऐरणीवर आपटला, कानाशी नेला. मग घासलेटवाला शेख चाचा म्हणाला, "अल्युमिनियम होयंगा, लोहारदादा. भगुन्याचं."

"भगुन्याचा आख करते का कोनी, चाचा? तुमी घासलेट मोजा!"

आणि बापानं आख सरळ भट्टीत घातला. माझ्या तोंडून किंकाळी निघाली. पण आमच्याकडे तशीच रीत. कोणी नवीन हत्यार आणलं, मग ते शहरातल्या दुकानातलं का असेना, बाप ते आधी भट्टीतून काढी, पाणी देई आणि मगच वापरू देई. "माह्या भट्टीतून गेल्याबिगर लोखंड जातीचं का नाही, कसं समजन?" हे त्याचं नेहमीचं.

"बाबा, ते लोखंड नाही! जळून जाईन!"

"भाता मार रे," तो धाकट्याला म्हणाला. धाकटा भाऊ भाता मारू लागला.

बापाची सगळी विद्या रंगात होती. लोखंड तापलं की त्याच्या घासलेल्या अंगावर गवती पिवळा येतो, मग जांभळा, मग निळा, आणि मग राखी होऊन रंग संपतो. कुठल्या रंगावर पाण्यात घातलं की विळा होतो आणि कुठल्यावर पास, हे त्याला झोपेत विचारलं तरी सांगता येई. त्यानं आख बाहेर काढून पाहिला. पिवळा. मान हलवली. पुन्हा आत. जांभळा. निळा. "आता संपलं पाहाय," तो लोकांना म्हणाला.

संपलं नाही. निळ्यानंतर फिकट आकाशी आला, आणि त्यानंतर पुन्हा पिवळा. बापाचा हात तिथेच थांबला. मग गुलाबी, कधी न पाहिलेला. मग मोराच्या मानेसारखा हिरवा. लोक "अरे बाप्पा!" करून मागे सरले. शेख चाचानं कानाला हात लावले. मी जग पाहून आलेला माणूस, पण रिठदच्या भट्टीत त्या दिवशी जे रंग दिसले, तसे विलायतेच्या राणीच्या अंगावरही नसतील.

बाप ऐरणीपाशी बसला. सांडशीत आख तसाच धरलेला. पाणी द्यायची वेळ कोणती, ते त्याला कळत नव्हतं. आख वाट पाहत होता आणि बापही. मी त्याला कधी असा पाहिला नव्हता. एवढ्या गर्दीत कोणी हसलं नाही.

"नाही समजलं," तो म्हणाला.

तीन वर्षं मी या दोन शब्दांसाठी जगलो होतो. आले ते इतक्या लहान आवाजात, की शेजारच्यालाही ऐकू गेले नसावेत.

आज इथं विलायतेत मला कोणी घर कुठलं विचारलं तर मी मोठ्या फुशारकीनं रिठद सांगतो आणि वर दोन गोष्टी रचून सांगतो. आता परमिट लागत नाही. हॅरीसाहेब गेला, वर्कशॉप पाडून तिथे गाड्या धुवायचं दुकान निघालं, फाटकाला कुलूप नाही, खरं तर फाटकच नाही. कोणीही मला धरून ठेवलेलं नाही. इथून निघता येतं. पण निघून कुठल्या दाराशी उभं राहायचं, ते या मोकळ्या माणसाला अजून कळलेलं नाही. माझ्यासारखे गेलेले जे कोणी हे वाचतील, ते इथे मान खाली घालतील, हे मला माहीत आहे.

त्या दिवशी भट्टीसमोरची गर्दी पांगली. बाप हौदावर हात धूत होता. मी त्याच्यापाशी जाऊन उभा राहिलो. 

"मंग मी राहू ना, बाबा? भट्टीवर?"

बापानं हात झटकले, माझ्याकडे न पाहता मी आणलेल्या नव्या धोतराला पुसले आणि म्हणाला,

"टायरच्या बंडीचा आख आता अकोल्याहून तयार येते."