तिसरा रकाना

नव्वदच्या दशकात मी धुळ्याच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. आमच्या समाजाच्या वधू-वर मेळाव्यासाठी परिचयपत्रकं छापायचा प्रोग्राम तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात अंगावर घेतला. टेबलात वय, उंची, पुनर्विवाह असे रकाने होते. मागाहून मी त्यात ‘नोकरी’चा रकाना घातला, कारण मेळाव्यात मीही उभी राहणार होते आणि मी कमावते हे सगळ्यांना कळायला हवं होतं. प्रोग्राममध्ये तो चौथा धरला. टेबलात मात्र घाईघाईत तिसऱ्या जागी घुसवला आणि पुनर्विवाह चौथ्यावर सरकला, म्हणजे छापताना एकाचं उत्तर दुसऱ्यापुढे जाणार होतं. टेबलाची रचना छापून प्रोग्रामशेजारी धरायची, एकेक रकाना ताडून पाहायचा, हे मी मुलांना ओरडून ओरडून शिकवायचे. स्वतः पाहिलं नाही. नमुन्याला एक पत्रक काढलं, ते नेमकं घरीच असणाऱ्या, बिनलग्नाच्या मुलीचं निघालं. दोन्हीकडे ‘नाही’. झालं माझं समाधान.

मेळावा जळगावात, पिंप्राळ्याला होता. आमच्यात मुलगी स्टेजवर उभी राहते आणि समाजातले एखादे आबा तिचं पत्रक माइकवरून वाचतात. माझी पाळी आली. आबांनी वाचलं, "पुनर्विवाह, होय. नोकरी, नाही."

मंडपात कुजबुज सुरू झाली. माझे वडील खालून उठले. "आबा, मनी पोरनं लगीन व्हयेल नही."

चूक माझीच आहे हे मला कळलं होतं, तरी डोक्यात तिडीक गेली. मी आबांच्या हातून माइक ओढला. "छपाई चुकली आहे. मी तसली नाही," असं म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांनी मला बरं वाटलं, ह्याची आजही लाज वाटते.

माझ्यामागे शिंदखेड्याकडची एक मुलगी उभी होती. लग्नानंतर वर्षाच्या आत फारकत झालेली. तिची माहिती मीच टाइप केली होती. तिच्या पत्रकावर आता पुनर्विवाहापुढे ‘नाही’ होतं आणि नोकरीपुढे ‘होय’. आबांनी तसंच वाचलं. ती गप्प राहिली असती, तर संध्याकाळपर्यंत तिच्या घरच्यांभोवती स्थळांची गर्दी झाली असती. तिने माइक मागून घेतला.

"माले नोकरी नही," ती सावकाश म्हणाली. "लगीन एकदा व्हयेल शे. आते ही ताई बोलनी ना, तसली मी शे."