पडदा सुटला तर

लेक सातव्या महिन्यातच झाला, तेव्हा मी वैजनाथावर रुसले. वर्षभर सोमवार धरले, आणि पदरात काय, तर ओंजळीत मावेल एवढं लेकरू! दिवा लावत होते, पण हात जोडताना त्यात जीव नसायचा.

महिन्याभरानं डॉक्टरीणबाईंनी त्याचे डोळे तपासले. वेळेआधी जन्मलेल्या लेकरांना असं होतं, आजच लेसर करावं लागेल, म्हणाल्या. पुढं बरंच समजावलं. रडण्याच्या भरात माझ्या कानात एवढंच राहिलं, पडदा सुटला तर नजर कायमची जाईल.

ऑपरेशन थिएटरच्या दाराला काच होती, तिच्यावर बाहेरून काळं जाड कापड चिकटवलेलं. बाळाला आत नेल्यावर थोड्या वेळानं त्या कापडाचा कोपरा सुटून लोंबायला लागला. मला वाटलं, हाच तो पडदा. धावत जाऊन दोन्ही तळव्यांनी कापड काचेवर दाबून धरलं.

सासूबाई मागोमाग आल्या. त्यांचा एक डोळा केव्हाच गेलाय, एकावरच भागवतात. "सरक गं, लेकराला एकदा बघू दी."

"न्हाई आत्या. पडदा सुटला तर नजर जाती, डॉक्टर म्हणल्यात."

"येडी का खुळी तू? कापडानं कुणाची नजर जाती व्हय?" त्यांनी माझा हात ओढला. मी तशी भांडकुदळ, त्या दिवशी मात्र हात सोडवून परत कापडावर दाबला. खांदे भरून आले, बोटं बधिर झाली. शेवटी मनात म्हणाले, वैजनाथा, मला आता होत न्हाई, तूच धर.

डॉक्टरीणबाई रंगीत चष्मा काढत बाहेर आल्या. मी अजून तशीच उभी. कारण सांगितलं तर त्या म्हणाल्या, "अहो, मी डोळ्याच्या आतल्या पडद्याचं बोलत होते." मग माझ्या हाताखालच्या सुटलेल्या कापडाकडं बघून त्यांचा चेहरा उतरला. "पण धरलंत ते फार बरं केलंत. हा लेसर दिसत नाही आणि काचेतून बाहेर येतो. इथून वाकून बघणाऱ्याची नजर गेली असती."

सासूबाईंनी आपल्या चांगल्या डोळ्यावर हात ठेवला.

मी ऐकलं अर्धवट, समजले चुकीचं, तरी हात नेमका जिथं हवा तिथंच गेला. हे कुणी केलं, यावर मी कुणाशी वाद घालत नाही.

परवा सासूबाईंच्या मांडीवर पडल्यापडल्या लेकानं त्यांच्या कपाळावरच्या गोंदणाकडं हात नेला. "बघतंय गं माझ्याकडं," त्या म्हणाल्या आणि रडायला लागल्या. त्याला त्या दिसत होत्या, त्यांना तो. मी देवापुढं बसले. म्हटलं, बाबा, मला सगळं कळलंच पाहिजे असं नाही. हात कुठं ठेवायचा, तेवढं सुचवत जा.